आर्चबिशप क्रॅन्मर आणि वाचनाचे पंचांग

गुरुचरित्राचा सप्ताह करावयाचा असल्यास कोणत्या दिवशी कोठपर्यंत वाचावयाचे, हे परंपरेने ठरलेले असते. ख्रिस्ती उपासनेतही बायबल असेच नेमून वाचले जाते. मात्र ते वाचन एकट्या भक्ताचे नसून साऱ्या मंडळीचे असते. एक जण वाचतो आणि बाकीचे ऐकतात. इंग्लंडमध्ये हा नेम ज्याने लोकांच्या भाषेत घालून दिला, तो टॉमस क्रॅन्मर इतिहासाला अधिक परिचित आहे तो आठव्या हेन्रीच्या विवाहप्रकरणांतील सोयीस्कर धर्माधिकारी म्हणून. ही ओळख खोटी नाही, पण अपुरी आहे.

क्रॅन्मरचा जन्म १४८९ साली नॉटिंगहॅमशर परगण्यातील ॲस्लॉक्टन या गावी झाला. केंब्रिजमध्ये तो अध्यापक झाला. विवाह केल्यामुळे त्याची फेलोशिप गेली, पत्नी बाळंतपणात दगावली, आणि तो पुन्हा विद्यापीठात परतला. त्याचे आयुष्य तेथेच पोथ्या चाळण्यात सरले असते. परंतु राजाच्या विवाहाचा प्रश्न युरोपातील विद्यापीठांपुढे मांडावा, ही त्याची सूचना १५२९ मध्ये हेन्रीच्या कानी गेली. १५३३ साली तो कँटरबरीचा आर्चबिशप झाला आणि त्याच वर्षी त्याने हेन्रीचा कॅथरिनशी झालेला विवाह रद्द ठरविला.

त्या काळी चर्चमधील उपासना लॅटिन भाषेत चाले. दिवसाच्या आठ प्रहरांच्या प्रार्थनांत स्तोत्रे व शास्त्रपाठ वाटून दिलेले होते. परंतु शतकानुशतके संतचरित्रे आणि सणावारांचे विशेष पाठ यांची त्यांत एवढी भर पडली होती, की बायबलमधील एखादा ग्रंथ वाचावयास घ्यावा आणि काही अध्यायांनंतर सोडून द्यावा, असा प्रकार नित्याचा झाला. सामान्य श्रोता त्या वेळात आपला जप करीत बसे. बिशपच्या संमतीवाचून केलेल्या इंग्रजी भाषांतरावर १४०९ पासून बंदी होती. विल्यम टिंडेलने देशाबाहेर राहून भाषांतर केले आणि त्यापायी १५३६ मध्ये प्राण गमावले. त्यानंतर तीनच वर्षांनी राजाज्ञेने निघालेल्या ‘ग्रेट बायबल’मध्ये बराच मजकूर त्याचाच होता. त्याचे नाव मात्र त्यावर नव्हते. १५४० च्या आवृत्तीला क्रॅन्मरने प्रस्तावना लिहिली.

प्रत्येक पॅरिशच्या चर्चमध्ये हा ग्रंथ ठेवावा, त्याचा निम्मा खर्च धर्मगुरूने व निम्मा गावाने सोसावा, असा हुकूम १५३८ मध्येच निघाला होता. हुकूम काढणे सोपे. पैसे कोणी द्यावयाचे, हा प्रश्न खरा. गावे चालढकल करू लागली, तेव्हा १५४१ मध्ये ग्रंथ न घेणाऱ्या पॅरिशला दरमहा चाळीस शिलिंग दंड ठरला आणि सुट्या प्रतीची किंमत दहा शिलिंगांवर बांधून देण्यात आली. साध्या मजुराला ही रक्कम मिळविण्यास जवळजवळ महिनाभर राबावे लागे. म्हणजे हा ग्रंथ घरी नेण्याचा नव्हताच. चर्चमध्ये जाऊन वाचण्याचा, आणि त्याहूनही ऐकण्याचा होता. चेम्सफर्डमध्ये काही गरीब माणसांनी नवा करार विकत घेतला आणि रविवारी चर्चच्या एका टोकाला ते तो मोठ्याने वाचू लागले. ऐकावयास येणारा एक मुलगा बापाच्या धाकाने घरी ओढला जाई. अखेर तो वाचावयास शिकला, बापाच्या उमेदवार कामगाराबरोबर पैसे साठवून त्याने एक प्रत घेतली आणि ती अंथरुणाच्या पेंढ्यात लपवून ठेवली.

या वाचनाचा राजसत्तेला लवकरच धसका बसला. १५४३ च्या कायद्याने कारागीर, उमेदवार, नोकर, शेतकरी, मजूर आणि सामान्य स्त्रिया यांना इंग्रजी बायबल वाचण्यास मनाई करण्यात आली. कुलीन स्त्रियांना एकांतात वाचण्याची मुभा राहिली. ज्ञानाचा अधिकार जन्मावर ठरविण्याची ही रीत आपल्याला अपरिचित वाटू नये!

१५४७ साली हेन्री वारला आणि क्रॅन्मरचे हात मोकळे झाले. १५४९ च्या ‘सामान्य प्रार्थनेच्या पुस्तका’त त्याने आठ प्रहरांच्या प्रार्थना आटवून सकाळची व संध्याकाळची अशा दोन केल्या आणि त्यांना वाचनाचे कोष्टक जोडले. दीडशे स्तोत्रे दर महिन्याला पुरी व्हावयाची. प्रत्येक प्रार्थनेत जुन्या कराराचा एक अध्याय आणि नव्याचा एक. जानेवारीत उत्पत्तीपासून आरंभ, यशया मात्र वर्षअखेरीसाठी, ख्रिस्तजन्माच्या प्रतीक्षाकाळासाठी, राखून ठेवलेला. जुना करार, काही भाग वगळून, वर्षातून एकदा आणि नवा करार, प्रकटीकरणाचा बहुतेक भाग सोडून, तीनदा वाचून होई. ज्याला अक्षर येत नाही, त्यानेही नेमाने चर्चमध्ये यावे आणि काही वर्षांत जवळजवळ सारा ग्रंथ त्याच्या कानांवरून जावा, अशी ही योजना होती. वाचनाचा क्रम व्याख्यात्याच्या लहरीवर न सोडता तारखेवर सोपविला, हे तिचे मर्म.

लोकांनी ती आनंदाने स्वीकारली, असे मात्र नाही. ९ जून १५४९ रोजी नवी उपासना सुरू झाली आणि दुसऱ्याच दिवशी डेव्हनमधील सॅम्पफर्ड कोर्टनी गावाने धर्मगुरूला जुना मास म्हणावयास भाग पाडले. बंड कॉर्नवॉलपर्यंत पसरले. तेथील पुष्कळांना इंग्रजी येत नाही, अशी बंडखोरांची तक्रार होती. लॅटिन तरी तुमच्यापैकी किती जणांना येते, असा क्रॅन्मरचा उलट सवाल होता. तर्क बिनतोड होता. पण ज्याची भाषा कॉर्निश, त्याला स्वतःच्या भाषेत उपासना कोणीच देऊ केली नाही. राजधानीची भाषा हीच लोकभाषा, असे गृहीत धरले गेले. हजारो माणसे मारली गेली.

१५५३ मध्ये मेरी गादीवर आली, पुस्तक रद्द झाले आणि गावांना पुन्हा लॅटिन ग्रंथ विकत घ्यावे लागले. क्रॅन्मर ऑक्सफर्डच्या तुरुंगात पडला. लॅटिमर व रिडली या सहकाऱ्यांना जाळताना त्याला पाहावे लागले. पाखंडाच्या अशाच खटल्यांत तो स्वतःही पूर्वी न्यायासनावर बसला होता, हे विसरता येत नाही. एकाकी आणि वृद्ध झालेल्या या माणसाने एकामागून एक सहा माफीपत्रांवर सह्या केल्या. तरीही शिक्षा टळली नाही. २१ मार्च १५५६ रोजी सेंट मेरी चर्चमध्ये त्याने माफी जाहीर वाचून दाखवावी, अशी व्यवस्था होती. तेथे त्याने ती सर्व पत्रे नाकारली आणि चितेवर ज्या हाताने सह्या केल्या, तो उजवा हात प्रथम ज्वाळेत धरला.

१५५९ मध्ये एलिझाबेथच्या राज्यात प्रार्थनापुस्तक थोड्या फेरफारांनी परत आले, आणि गावांनी पुन्हा एकदा पैसे मोजले. १६६२ च्या आवृत्तीनेही महिन्याला दीडशे स्तोत्रांचा नेम कायम ठेवला. हेच पुस्तक इंग्रजांबरोबर हिंदुस्थानात आले. १९७० साली नागपूरला उत्तर भारतातील अँग्लिकन व इतर काही पंथ एका चर्चमध्ये विलीन झाले, तेव्हा त्या पुस्तकावर वाढलेल्या मंडळ्याही त्यांत होत्या.