विश्लेषण : स्वस्तात उत्तम वाइन शोधणारे थॉमस जेफरसन कर्जात कसे बुडाले?

अमेरिकेच्या स्वातंत्र्याचा जाहीरनामा लिहिणारे आणि पुढे तिसरे अध्यक्ष झालेले थॉमस जेफरसन हे त्यांच्या काळातील अमेरिकेतले सर्वांत जाणकार वाइन ग्राहक मानले जातात. महागड्या बाटलीला तोडीस तोड, पण चौथाई किमतीची बाटली कुठे मिळते, हे त्यांना नेमके ठाऊक असे. मात्र त्यांच्या मृत्यूवेळी डोक्यावर १ लाख डॉलरहून अधिक कर्ज होते. असे का झाले? त्यांची वाइन निवडण्याची पद्धत काय होती? आणि त्या हिशेबाची किंमत कोणी मोजली?

जेफरसन यांच्या नावाची बाटली किती रुपयांना गेली?

५ डिसेंबर १९८५ रोजी लंडनमधील लिलावात वाइनची एक बाटली १ लाख ५ हजार पौंडांना विकली गेली. एका बाटलीसाठी मोजली गेलेली ती तोवरची विक्रमी किंमत होती. बाटलीवर १७८७ हे साल, 'लाफित' हे बोर्दोतील प्रसिद्ध नाव आणि जेफरसन यांच्या नावाची आद्याक्षरे कोरलेली होती. ही बाटली त्यांच्याच संग्रहातली, असे मानून बोली चढत गेली.

पुढे संशय वाढला. जेफरसन खरेदीची बारीकसारीक नोंद ठेवत; त्या नोंदींत या बाटलीचा माग लागला नाही. अशाच अन्य बाटल्यांवरील अक्षरे आधुनिक, विजेवर चालणाऱ्या अवजाराने कोरल्याचा निष्कर्ष एका खरेदीदाराने नेमलेल्या तज्ज्ञांनी काढला. गंमत म्हणजे केवळ नावावर विसंबून वाइन घेऊ नये, या मताचे जेफरसन आयुष्यभर होते.

वाइनची ओढ कुठून लागली?

जेफरसन यांचा जन्म १३ एप्रिल १७४३ रोजी व्हर्जिनियात झाला. वडील जमीनदार होते. ते १७५७ मध्ये वारले आणि सज्ञान झाल्यावर मुलाच्या वाट्याला हजारो एकर जमीन व गुलाम आले. विल्यम्सबर्ग येथे शिकताना गव्हर्नर आणि कायद्याचे शिक्षक जॉर्ज विथ यांच्या जेवणाच्या मेजावर त्यांची ऊठबस सुरू झाली. त्या काळी व्हर्जिनियातील बड्या घरांत मदिरा, पोर्ट अशा कडक वाइनची चलती होती. लांबच्या समुद्रप्रवासात त्या टिकत असत.

१७७३ मध्ये सासरे वारले. त्यांची मोठी इस्टेट जेफरसन दाम्पत्याला मिळाली, पण सोबत इंग्लिश व्यापाऱ्यांचे मोठे कर्जही आले. ते पुढे आयुष्यभर त्यांच्या मागे लागले. १७८२ मध्ये पत्नी मार्था यांचे निधन झाले. दोन वर्षांनी, १७८४ च्या ऑगस्टमध्ये, ते अमेरिकेचे प्रतिनिधी म्हणून पॅरिसला पोहोचले. सोबत जेम्स हेमिंग्ज हा तरुण गुलामही होता. त्याला फ्रेंच स्वयंपाक शिकवण्यासाठी नेण्यात आले होते.

फ्रान्सच्या दौऱ्यात ते काय शिकले?

१७८६ मध्ये जेफरसन यांचे उजवे मनगट मोडले. डॉक्टरांनी दक्षिण फ्रान्समधील औषधी झऱ्यांचा उपाय सुचवला. २८ फेब्रुवारी १७८७ रोजी ते निघाले आणि तीन महिन्यांहून अधिक काळ बर्गंडी, ऱ्होन नदीचे खोरे, उत्तर इटली आणि बोर्दो असे फिरले. हाताला विशेष गुण आला नाही. पण कोणत्या गावात कोणती द्राक्षे होतात, माती कशी, भाव काय, कोणाची वाइन लवकर तयार होते, हे सारे वहीत उतरले.

बर्गंडीत त्यांना आढळले, की मोंराशे या नामांकित पांढऱ्या वाइनची बाटली ४८ सू या भावाने जाते. (२० सू म्हणजे एक लिव्र.) शेजारच्या वोल्ने गावची तांबडी वाइन १२ सूला मिळते, तर मर्सो गावची 'गूत दोर' ही चांगली पांढरी वाइन अवघ्या ६ सूला. म्हणजे काही मैलांच्या अंतरात भावात आठपट फरक. जेफरसन यांनी मोंराशेची चव मान्य केली, पण रोजच्या मेजासाठी वोल्ने आणि गूत दोर पसंत केली. गाजलेल्या गावाच्या शेजारचे गाव शोधायचे, ही त्यांची पहिली युक्ती.

पावाची नोंद महत्त्वाची का?

याच दौऱ्यात त्यांनी आणखी एक गोष्ट टिपली. पोमार आणि वोल्ने या गावांत मजूर गव्हाचा पाव खात होते, तर मर्सोत राय या हलक्या धान्याचा. कारण विचारल्यावर कळले, की मर्सोची जमीन दगडाळ असल्याने तिथे फक्त पांढरी वाइन होते. पांढरी वाइन अधिक वेळा बिघडते आणि माल पडून राहतो. मग मालक मजुरांच्या जेवणात हात आखडता घेतो. माणसाची परिस्थिती किती क्षुल्लक गोष्टींवर अवलंबून असते, असा विचार त्यांनी वहीत मांडला. ज्या ६ सूच्या बाटलीचे त्यांना कौतुक होते, तिच्या स्वस्ताईची दुसरी बाजू त्यांनी अशी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली होती.

बोर्दोबद्दलचा अंदाज किती अचूक ठरला?

मेअखेरीस ते बोर्दोत पोहोचले. तिथल्या तांबड्या वाइनमध्ये मार्गो, ला तूर, ओ-ब्रियाँ आणि लाफित या चार बागांना त्यांनी सर्वांत वर ठेवले. त्यांच्याखाली दुसऱ्या दर्जाच्या बागांची यादी केली. ही क्रमवारी त्यांनी मनाने रचली नव्हती. बाजारातील भावांवरून आणि दलालांच्या माहितीवरून ती आधीच रूढ होत चालली होती. मात्र ६८ वर्षांनी, १८५५ मध्ये, पॅरिसच्या प्रदर्शनासाठी बोर्दोच्या वाइनचे अधिकृत वर्गीकरण झाले, तेव्हा पहिल्या दर्जात हीच चार नावे होती.

दुसऱ्या दर्जातील 'रोझाँ' मागवून त्यांनी आपला हिशेब इथेही पाळला. गोड पांढऱ्या वाइनमध्ये मात्र तडजोड नव्हती. सोतर्न भागातील इकेमच्या १७८४ सालच्या बाटल्या त्यांनी थेट मालकांकडे मागितल्या. अमेरिकेत परतल्यावर १७९० मध्ये राष्ट्राध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन यांच्यासाठीही त्यांनी बोर्दोहून वाइन मागवली.

खरेदीची पद्धत काय होती?

जेफरसन शक्यतो थेट बागायतदाराकडून माल घेत. व्यापारी वेगवेगळ्या बागांची वाइन एकत्र करून विकतात, हे त्यांनी पाहिले होते. ओळख नसेल तिथे स्थानिक जाणकार हाताशी धरत. बोन शहरात पिंपे तयार करणारे एतिएन पारां हे त्यांचे बर्गंडीतील खरेदीदार झाले.

दुसरा नियम बाटलीचा. तेव्हा वाइन बहुधा पिंपातून जाई. वाटेत गाडीवान आणि नावाडी पिंपातली वाइन काढून घेत आणि पाणी भरत. म्हणून बागेतच बाटलीत भरून, बूच लावून माल पाठवावा, असा जेफरसन यांचा आग्रह असे. वाहतूक महाग पडली, तरी हाती येणारी वाइन खरी असे.

तिसरा नियम सालाचा. नुसते बागेचे नाव पुरेसे नाही; कोणत्या वर्षीचे पीक, आता पिण्याजोगे आहे की ठेवावे लागेल, हे ते आवर्जून विचारत.

खास प्रसंगांसाठी वेगळा विचार होता का?

होता. १७८८ मध्ये ते ऱ्हाइन नदीकाठच्या बागा पाहून शॅम्पेन भागात गेले. फेसाळणारी शॅम्पेन परदेशात खपते, पण फ्रान्समधील दर्दी मंडळी बिनफेसाची पसंत करतात, असे त्यांना आढळले. त्यांची स्वतःची आवडही तीच होती. पण मेजवानीत पाहुण्यांना काय हवे, हे ओळखून ते फेसाळती शॅम्पेनही ठेवत.

१८०१ ते १८०९ या काळात अध्यक्ष असताना त्यांच्या मेजावर आठवड्यातून अनेकदा खासदार, राजदूत आणि इतर पाहुणे असत. डझनभर माणसे मोजून बोलवायची, राजकीय वाद बाजूला ठेवायचे आणि जेवणानंतर वाइनसोबत गप्पा रंगू द्यायच्या, ही त्यांची रीत. १८०४ मधील एका नोंदीत त्यांनी हिशेब मांडला आहे : ६५१ पाहुणे, २०७ बाटल्या शॅम्पेन, म्हणजे सुमारे सव्वातीन माणसांमागे एक बाटली. त्यावरून पुढे वर्षाला किती साठा लागेल, याचाही अंदाज त्यांनी काढला.

हा खर्च सरकारी तिजोरीतून नव्हता. अध्यक्षांचा पगार वर्षाला २५ हजार डॉलर होता आणि पाहुणचार त्यातूनच करायचा असे. आठ वर्षांत केवळ वाइनवर १० हजार डॉलरहून अधिक रक्कम गेली. एकेक बाटली रास्त भावातली होती, पण बाटल्या फार होत्या.

स्वतःची वाइन का बनवता आली नाही?

मॉन्टिचेलो या आपल्या डोंगरावरील घराजवळ द्राक्षबाग लावण्याचा प्रयत्न त्यांनी अनेकदा केला. १७७३ मध्ये इटलीहून आलेले फिलिप मॅझेई यांना त्यांनी शेजारीच जमीन मिळवून दिली. पण हिमाचा तडाखा आणि नंतर युद्धाची धामधूम यांत तो प्रयोग बारगळला. १८०७ मध्ये युरोपातील २४ जातींची २८७ रोपे व कलमे लावली, तीही टिकली नाहीत. युरोपीय वेलींची मुळे खाणारी फायलोक्सेरा ही सूक्ष्म कीड अमेरिकेच्या मातीत मूळचीच होती. तिची ओळख पटली १८६० च्या दशकात, म्हणजे जेफरसन यांच्या मृत्यूनंतर. त्यावरचा उपाय, अमेरिकी खुंटावर युरोपीय वेलीचे कलम, त्याहून नंतर आला.

निवृत्तीनंतर निवड कशी बदलली?

१८०९ मध्ये ते कर्ज घेऊनच मॉन्टिचेलोला परतले. आता बोर्दो आणि बर्गंडी परवडत नव्हते. मग त्यांनी नीसजवळची बेले, रूसियों, लिमू अशा दक्षिण फ्रान्सच्या स्वस्त वाइनकडे मोर्चा वळवला. मार्सेमधील दलालांना सविस्तर पत्रे लिहून ते चव समजावून सांगत. उत्तर कॅरोलायनातील स्कपरनाँग या देशी द्राक्षाची वाइनही त्यांना आवडली.

वाइन स्वस्त झाली तर लोक व्हिस्की सोडतील, असे मानून १८१८ मध्ये त्यांनी वाइनवरील आयात शुल्क कमी करण्याचा आग्रह धरला. पाहुण्यांचा ओघ मात्र आटला नाही. मॉन्टिचेलोच्या जेवणघरात शेकोटीच्या दोन्ही बाजूंना लपवलेले छोटे लाकडी पाळणे होते. तळघरात बाटली ठेवली, की दोरीने ती थेट वर येई. तळघरात ती ठेवणारा गुलाम पाहुण्यांच्या नजरेस पडत नसे.

मग कर्ज कशामुळे झाले?

केवळ वाइनमुळे नव्हे. सासऱ्यांकडून आलेले देणे, घराचे वर्षानुवर्षे चाललेले बांधकाम, पुस्तके, पाहुणचार आणि शेतमालाचे पडते भाव ही सारी कारणे होती. १८१५ मध्ये त्यांनी ६,४८७ ग्रंथांचा संग्रह संसदेला २३,९५० डॉलरना विकला. त्यानेही भागले नाही. १८१९ च्या मंदीत, ज्यांना जामीन राहिले ते मित्र बुडाले आणि २० हजार डॉलरचा बोजा त्यांच्यावर आला.

४ जुलै १८२६ रोजी, स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याला बरोबर ५० वर्षे पूर्ण होताना, जेफरसन यांचे निधन झाले. कर्ज होते सुमारे १ लाख ७ हजार डॉलर.

किंमत कोणी मोजली?

जेफरसन यांनी आयुष्यभरात ६०० हून अधिक माणसे गुलाम म्हणून बाळगली. फ्रेंच स्वयंपाक शिकलेल्या जेम्स हेमिंग्जला १७९६ मध्ये मुक्ती मिळाली, तीही धाकटा भाऊ पीटर याला सारे शिकवून झाल्यावर. मृत्युपत्रात जेफरसन यांनी मोजक्याच माणसांना मुक्त केले. उरलेली माणसे मालमत्ता म्हणून सावकारांच्या हिशेबात गेली.

जानेवारी १८२७ मध्ये मॉन्टिचेलोच्या आवारात लिलाव झाला. फर्निचर आणि गुरांबरोबर १३० गुलामांची विक्री पुकारण्यात आली. अनेक कुटुंबांची ताटातूट झाली. १८३१ मध्ये घरही विकले गेले.

वाइन निवडणाऱ्याला जेफरसन यांचे नियम आजही उपयोगी पडतात : गाजलेल्या नावाच्या शेजारी पाहा, कोणी बनवली आणि कोणत्या साली ते विचारा, रोजची आणि समारंभाची बाटली वेगळी ठेवा, माणसे मोजून मागणी करा. बाटलीचा भाव त्यांना क्वचितच चुकला. पण तो भाव कुणाच्या कष्टावर उभा आहे, हे मर्सोतील मजुरांच्या पावात ज्यांना दिसले, त्यांनी आपल्या मेजाचा तोच हिशेब अखेरपर्यंत पुरा केला नाही. तो मॉन्टिचेलोच्या आवारात, १३० माणसांच्या विक्रीने चुकता झाला.