डहाणूचा पारा खरा कशावरून? महिन्याचं हवामान आणि अ‍ॅना मणी

मी बोईसरला राहतो आणि तारापूर एमआयडीसीतल्या एका कारखान्यात इन्स्ट्रुमेंट टेक्निशियन आहे. प्रेशर गेज उतरवायचा, मास्टर गेजशी ताडून बघायचा, फरक असेल तर सेट करायचा, तारखेचं स्टिकर लावायचं आणि पुढच्या गेजकडे वळायचं, हे माझं रोजचं काम. काटा दिसतो म्हणजे आकडा खरा असतो असं नाही, हे मी नोकरीच्या पहिल्या वर्षीच शिकलो. पण हाच नियम पावसालाही लागू होतो, हे मात्र घोलवडच्या मामांमुळे कळलं.

मामांची चिकूची वाडी आहे. चिकूला हवामानावर आधारित फळपीक विमा मिळतो. यात भरपाई झाडाखाली किती फळं गळली हे मोजून ठरत नाही. महसूल मंडळातल्या हवामान केंद्रावर किती पाऊस पडला, हवेत दमटपणा किती होता आणि तो सलग किती दिवस टिकला, यावर ती ठरते. म्हणजे सगळा हिशोब एका यंत्राच्या आकड्यावर.

एका पावसाळ्यात फळं खूप गळली, पण केंद्राच्या आकड्यांप्रमाणे भरपाई बसत नव्हती. मामांच्या अंगणात मीच लावून दिलेला पर्जन्यमापक होता आणि आमच्या वहीत पाऊस बराच जास्त होता. मामा म्हणाले, अर्ज करू, वही जोडू, तू सही कर. मी सही करणार होतो. तेवढ्यात सवयीप्रमाणे मनात आलं, की गेज तपासला का?

महिना सकाळी साडेआठला संपतो

तपासायला बसलो तेव्हा पहिली चूक लगेच सापडली. हवामान खात्यात पावसाचा दिवस सकाळी साडेआठला सुरू होतो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठला संपतो. १५ जुलैच्या रकान्यात जो पाऊस लिहितात तो १४ तारखेच्या सकाळी साडेआठपासून १५ च्या सकाळी साडेआठपर्यंतचा. त्यामुळे जुलैचा पाऊस म्हणजे ३० जूनच्या सकाळपासून ३१ जुलैच्या सकाळपर्यंतचा. ३१ जुलैच्या संध्याकाळी ढगफुटीसारखा पाऊस झाला तरी तो ऑगस्टच्या खात्यात जातो.

आम्ही काय करत होतो? मामेभाऊ कधी सकाळी सातला बघायचा, कधी रात्री जेवणानंतर. त्यामुळे एका रात्रीचा पाऊस दोन दिवसांत वाटला जायचा. विम्यात सलग दिवसांना महत्त्व असल्यामुळे ही साधी चूक राहत नाही.

दुसरी चूक माझी स्वतःची. पर्जन्यमापक मी सिमेंटच्या अंगणात, पागोळीपासून दोन हातांवर ठेवला होता. छपरावरून पडणारं पाणी लादीवर आपटायचं आणि तुषार थेट नरसाळ्यात. नियम असा की मापक मोकळ्या जमिनीवर हवा, त्याचं तोंड जमिनीपासून साधारण ३० सेंटिमीटर वर हवं, आणि जवळच्या झाडाच्या किंवा भिंतीच्या उंचीच्या निदान दुप्पट अंतर सुटलेलं हवं. मी कारखान्यात दुसऱ्यांच्या चुका पकडतो आणि घरी हे केलं होतं.

मग प्रश्न पडला, की देशभरातल्या केंद्रांवर अशा चुका होऊ नयेत म्हणून कोणी काय केलं? शोधता शोधता एका नावापाशी थांबलो. ते नाव अ‍ॅना मणी.

हिऱ्याच्या कुड्यांऐवजी विश्वकोश

अ‍ॅना मणी यांचा जन्म २३ ऑगस्ट १९१८ चा, त्रावणकोर संस्थानातल्या पीरमेडचा. वडील सिव्हिल इंजिनीअर, घरच्या वेलदोड्याच्या बागा. आठ भावंडांत त्या सातव्या. घरच्या पद्धतीप्रमाणे मुलीला आठव्या वाढदिवसाला हिऱ्याच्या कुड्या मिळायच्या. त्यांनी त्या नाकारल्या आणि एन्सायक्लोपीडिया ब्रिटानिका मागितला. वैकोम सत्याग्रहाच्या दिवसांत गांधीजींचा प्रभाव पडला आणि खादी अंगावर आली ती कायमची.

१९३९ मध्ये मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजातून त्या पदवीधर झाल्या. १९४० मध्ये शिष्यवृत्तीवर बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत गेल्या आणि सी. व्ही. रामन यांच्या प्रयोगशाळेत हिरे आणि माणकांच्या वर्णपटांवर काम करू लागल्या. दागिन्यातला हिरा नाकारलेल्या मुलीच्या हातात हिराच आला, पण मोजण्यासाठी! फोटोग्राफिक प्लेटवर एका वर्णपटाला पंधरा-वीस तास लागायचे, त्यामुळे रात्री प्रयोगशाळेतच काढाव्या लागत. १९४२ ते १९४५ या काळात त्यांचे पाच शोधनिबंध प्रसिद्ध झाले.

आणि इथे त्यांच्यावर मोठा अन्याय झाला. पीएचडीचा प्रबंध तयार होता, तो त्यांनी सादरही केला. पण पदवी द्यायची होती मद्रास विद्यापीठाने, आणि विद्यापीठाचं म्हणणं पडलं की एम.एस्सी. नाही म्हणून पीएचडी नाही. तो प्रबंध बंगळूरच्या रामन संशोधन संस्थेत राहिला. पदवी त्यांना कधीच मिळाली नाही.

पुण्यातला कारखाना

१९४५ मध्ये सरकारी शिष्यवृत्तीवर त्या लंडनच्या इम्पीरियल कॉलेजात गेल्या. मन पदार्थविज्ञानात होतं, पण जागा मिळाली ती हवामानाच्या उपकरणांचं शिक्षण घेण्याची. मिळालं ते त्यांनी मन लावून शिकून घेतलं. १९४८ मध्ये त्या परत आल्या आणि पुण्यात हवामान खात्याच्या उपकरण विभागात रुजू झाल्या. पुण्यात शिवाजीनगरला सिमला ऑफिस म्हणतात ते याच खात्याचं. १९२८ मध्ये खात्याचं मुख्यालय सिमल्याहून पुण्याला आलं, म्हणून ते नाव. पुढे १९४४ मध्ये मुख्यालय दिल्लीला गेलं, पण उपकरणांचं काम पुण्यातच राहिलं.

तेव्हाची परिस्थिती बघा. खातं १८७५ चं, पण साधा तापमापकसुद्धा बाहेरून यायचा. स्वातंत्र्यानंतर एस. पी. वेंकटेश्वरन यांच्या पुढाकाराने पुण्याच्या वर्कशॉपात उपकरणं देशातच बनवायचं ठरलं. मणी त्यात उतरल्या आणि १९५३ पर्यंत त्या विभागाच्या प्रमुख झाल्या. हाताखाली १२१ जण, सगळे पुरुष. साधारण १०० उपकरणांची प्रमाणित ड्रॉइंग त्यांनी तयार करून घेतली. पर्जन्यमापक, वायुभारमापक, वाऱ्याचा वेग मोजणाऱ्या वाट्या असं सगळं.

आता यात एवढं मोठं काय, असं वाटेल. आमच्या वर्कशॉपातल्या कुणालाही विचारा. ड्रॉइंग प्रमाणित नसेल तर दोन कारागिरांनी बनवलेल्या दोन वस्तू सारख्या निघत नाहीत. पर्जन्यमापकाचंच घ्या. तोंडाचं क्षेत्रफळ २०० चौरस सेंटिमीटर असेल तर १ मिलिमीटर पावसाचं पाणी २० मिलिलिटर भरतं. तेच १०० चौरस सेंटिमीटर असेल तर १० मिलिलिटर. एकाचा मोजग्लास चुकून दुसऱ्याला लावला तर पाऊस थेट दुप्पट किंवा निम्मा! पाऊस तोच, ढग तेच, फक्त ग्लास बदलला.

सरासरी काय लपवते आणि काय नाही

महिन्याचं हवामान कसं काढतात, हे थोडं समजून घेऊ. डहाणूला हवामान खात्याचं केंद्र आहे. बातम्यांत कोकणच्या यादीत त्याचं नाव ऐकलं असेल. अशा केंद्रावर पांढऱ्या रंगाची, झडपांची लाकडी पेटी असते, तिला स्टीव्हन्सन स्क्रीन म्हणतात. आत चार तापमापक असतात. एक साधा, एक ओल्या कापडाचा, एक कमाल आणि एक किमान. साध्या आणि ओल्या तापमापकांतल्या फरकावरून दमटपणा निघतो. पेटीचं दार उत्तरेला असतं, म्हणजे ते उघडलं तरी ऊन सहसा पाऱ्यावर पडत नाही.

रोजचं कमाल आणि किमान लिहायचं, ३१ दिवसांची बेरीज करून ३१ ने भागायचं, की जुलैची सरासरी तयार. मग ती ३० वर्षांच्या सरासरीशी ताडतात. सध्या त्यासाठी १९९१ ते २०२० ही वर्षं धरतात. पावसाचीही तुलना अशीच दीर्घ काळाच्या सरासरीशी होते. नेहमीच्या सरासरीच्या १९ टक्के वर किंवा खाली असेल तर पाऊस सामान्य. २० टक्के किंवा त्याहून जास्त घट म्हणजे अपुरा.

आता मुद्द्याची गोष्ट. निरीक्षकाने एके दिवशी अर्धा अंश जास्त वाचला, दुसऱ्या दिवशी अर्धा अंश कमी वाचला, तर महिन्याच्या बेरजेत या चुका बऱ्याचशा एकमेकींना खाऊन टाकतात. पण तापमापकच एक अंश जास्त दाखवत असेल, तर ३१ दिवस तो जास्तच दाखवणार. सरासरीही बरोबर एक अंशाने चुकणार. कितीही दिवस मोजा, ही चूक जात नाही. हवामान बदलाच्या चर्चेत एका अंशाला किती महत्त्व आहे ते आपण रोज ऐकतो.

म्हणूनच आकडेमोड करायच्या आधी उपकरण तपासावं लागतं, आणि तेही सगळ्या केंद्रांवर एकाच मापाने. नाहीतर डहाणू आणि नागपूरमधला फरक हवेचा आहे की काचेचा, हे कसं कळणार? मणी यांचा आयुष्यभराचा आग्रह अचूकतेचाच होता. आम्ही ज्याला कॅलिब्रेशन म्हणतो ते त्यांनी देशाच्या हवेसाठी केलं.

ऊन, ओझोन आणि वारा

१९५७-५८ च्या आंतरराष्ट्रीय भूभौतिक वर्षात त्यांनी देशभर सूर्याची उष्णता मोजणारी केंद्रं उभी केली आणि त्यासाठी लागणारी उपकरणंही इथेच बनवायला घेतली. साठच्या दशकात फुग्याबरोबर वर जाऊन ओझोन मोजणारं यंत्र त्यांच्या गटाने तयार केलं. तेव्हा जगात मोजक्याच देशांकडे स्वतःचं असं यंत्र होतं. १९६३ मध्ये विक्रम साराभाईंच्या सांगण्यावरून त्यांनी थुंबाच्या रॉकेट तळावर हवामान वेधशाळा आणि उपकरणांचा मनोरा उभारला.

पुढे दिल्लीला बदली झाली आणि १९७६ मध्ये उपमहासंचालक म्हणून त्या निवृत्त झाल्या. पण स्वस्थ बसल्या नाहीत. भारतातल्या सौर प्रारणाच्या आकडेवारीची त्यांची पुस्तकं १९८० नंतर आली, आणि सोलरचा हिशोब मांडणाऱ्या इंजिनीअरांच्या टेबलावर ती जाऊन बसली. शेकडो ठिकाणी वारा मोजण्याचं काम त्यांनी केलं. बंगळूरला वारा आणि ऊन मोजणारी उपकरणं बनवणारा छोटा कारखानाही काढला. १९९४ मध्ये पक्षाघात झाला. १६ ऑगस्ट २००१ ला तिरुवनंतपुरमला त्या गेल्या.

आज बोईसरच्या गच्च्यांवर सोलर पॅनल दिसतात. वर्षाला किती युनिट मिळतील हे सांगणारा माणूस उन्हाच्या नोंदींवरच बोलत असतो, आणि त्या नोंदींची सुरुवात करणाऱ्यांत या बाई होत्या.

मामांची वही

मी अर्जावर सही केली नाही. मामांना सरळ सांगितलं, की आपला मापक चुकीच्या जागी आहे आणि वेळाही चुकल्या आहेत. केंद्राचा आकडा कदाचित चुकला असेलही, पण आपल्या वहीवरून ते सिद्ध होत नाही. मामा काही बोलले नाहीत. त्या वर्षी विम्याचे पैसे आले नाहीत, आणि मला वाईट वाटायचं ते वाटलंच. दोन दिवसांनी त्यांचा फोन आला, मापक वाडीत नेमका कुठे ठेवायचा ते विचारायला.

आता तो मोकळ्या जागी आहे, झाडांपासून लांब. मामेभाऊ रोज साडेआठला मोजतो आणि मला फोटो पाठवतो. पुढच्या जुलैची आमची बेरीज आणि मंडळाचा आकडा यांत थोडाच फरक राहिला. उद्या कधी मोठा फरक पडला, तर त्या वहीवर मी डोळे मिटून सही करीन.

तुम्हीही घरी पाऊस मोजत असाल तर तीनच गोष्टी सांभाळा. जागा मोकळी, वेळ साडेआठ, आणि ग्लास त्याच मापकाचा. पाऊस नसेल त्या दिवशीही शून्य लिहा. रकाना रिकामा राहिला, तर पाऊस पडला नाही की कोणी बघितलंच नाही, हे नंतर कुणालाच सांगता येत नाही.