विश्लेषण : गालातली पेशी आणि तंबाखूचा माग… कोण होते डॉ. वसंत खानोलकर?

शाळेतला तो प्रयोग आठवतो? आइस्क्रीमच्या चमच्याने गाल आतून हलकेच खरवडायचा, काचपट्टीवर पसरवायचा, मिथिलीन ब्लूचा थेंब टाकायचा आणि सूक्ष्मदर्शकाला डोळा लावायचा. शाळा खारदांड्याची असो की परळची, दिसते तेच : वेड्यावाकड्या कडांची पसरट पेशी आणि तिच्यात गडद निळा ठिपका. तोंडातल्या अशाच पेशी बिघडतात कशा आणि कशामुळे, याचा शोध परळमध्ये बसून घेणारे डॉक्टर म्हणजे वसंत रामजी खानोलकर.

डॉ. खानोलकर कोण होते?

जन्म १८९५चा. लंडन विद्यापीठातून १९२३ मध्ये त्यांनी पॅथॉलॉजीत एम.डी. केले. मुंबईत परतल्यावर ग्रँट मेडिकल कॉलेज आणि पुढे सेठ जी. एस. मेडिकल कॉलेजात त्यांनी हाच विषय शिकवला. १९४१ मध्ये परळला टाटा मेमोरियल रुग्णालय सुरू झाले आणि तिथल्या प्रयोगशाळांची सूत्रे त्यांच्याकडे आली. भारतात कर्करोग फारसा होत नाही, असे तेव्हा अनेक डॉक्टर मानत. खानोलकरांच्या टेबलावर येणाऱ्या काचपट्ट्या मात्र वेगळेच सांगत होत्या.

काचपट्टीवर काय दिसते?

पेशीला बाहेरून प्रद्रव्यपटल असते, आत पेशीद्रव्य आणि त्यात केंद्रक. गालाची पेशी साधारण ५० ते ६० मायक्रॉन रुंद असते. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. बायोप्सीत काढलेला तुकडा मेणात बसवून त्याचे तीन ते पाच मायक्रॉन जाडीचे काप घेतात. काप इतका पातळ असला, तरच त्यातून प्रकाश आरपार जातो. पेशी जवळजवळ पारदर्शक असल्याने त्यांना रंग द्यावा लागतो. हिमॅटॉक्सिलिनने केंद्रक निळे-जांभळे होते, इओसिनने पेशीद्रव्य गुलाबी.

निरोगी गालात पेशींचे थर नीट रचलेले असतात आणि केंद्रके लहान असतात. कर्करोगात केंद्रक मोठे, गडद आणि बेढब होते. विभागणाऱ्या पेशी वाढतात, थरांची रचना मोडते आणि पेशी तळाचा पातळ पडदा ओलांडून आत शिरतात. कर्करोगाचे निदान या खुणांवरूनच होते.

मग खानोलकरांचे वेगळेपण कशात?

निदान लिहून ते थांबले नाहीत. गाठ तोंडात नेमकी कुठे आहे आणि त्या माणसाची सवय काय, हे दोन्ही त्यांनी जोडून पाहिले. १९४४ मध्ये त्यांनी मुंबईतल्या तोंडाच्या कर्करोगाच्या सलग १,००० रुग्णांचा आढावा प्रसिद्ध केला. पुढच्याच वर्षी, १९४५ मध्ये, सवयींशी निगडित कर्करोगाचे तीन प्रकार मांडले. खैनी ओठाखाली धरणाऱ्यांना गाठ खालच्या ओठापाशी होई. आंध्रच्या किनाऱ्यावर पेटते टोक तोंडात ठेवून चुट्टा ओढणाऱ्यांना ती टाळूवर होई. वर्षानुवर्षे कमरेला घट्ट धोतर बांधणाऱ्यांना तिथल्या त्वचेवर. तंबाखू जिथे ठेवली जाते तिथल्याच पेशी बिघडतात, हे त्यातून पुढे आले. आयएआरसी या आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने तंबाखूसह विडा चघळल्याने माणसाला कर्करोग होतो, असा निर्वाळा दिला तो १९८५ मध्ये.

पुढे काय केले?

१९५२ मध्ये परळला इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटर उभे राहिले आणि खानोलकर त्याचे पहिले संचालक झाले. त्यांच्या मार्गदर्शनाखाली १९४९ मध्ये पीएच.डी. केलेल्या डॉ. कमल रणदिवे यांनी इथेच शरीराबाहेर पेशी वाढवणारी ऊतिसंवर्धन प्रयोगशाळा उभारली. कुष्ठरोगाचे जंतू मज्जातंतूंमध्ये कसे शिरतात, यावरही खानोलकरांनी काम केले. १९५५ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला ते मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू होते. १९७८ मध्ये त्यांचे निधन झाले. त्यांनी घडवलेली संस्था आज खारघरला अ‍ॅक्ट्रेक म्हणून ओळखली जाते. तिथल्या संशोधन इमारतीचे नाव आहे ‘खानोलकर शोधिका’.

आज त्याचे काय?

बंदरावर, रिक्षा स्टँडवर, बांधकामाच्या जागेवर तंबाखू-चुन्याची डबी आजही निघते. तंबाखू सोडली की धोका हळूहळू कमी होतो. तोंडात पांढरा किंवा लाल चट्टा दिसत असेल, तोंड पूर्ण उघडत नसेल किंवा जखम दोन-तीन आठवड्यांत भरली नसेल, तर डॉक्टरांना लगेच दाखवावे. बिघाड पेशींच्या वरच्या थरातच असताना सापडला, तर उपचार सोपे असतात. पडदा ओलांडल्यावर ते अवघड होत जातात.