खापर्डे आणि एका मृत्युपत्राची चौदा वर्षे

गणेश श्रीकृष्ण उर्फ दादासाहेब खापर्डे यांना वऱ्हाडचे नवाब म्हणत. 1854 साली जन्मलेल्या या गृहस्थांनी 1884 मध्ये कायद्याची पदवी घेतली, काही वर्षे सरकारी नोकरी केली आणि 1890 पासून अमरावतीस वकिली आरंभिली. 1897 च्या अमरावती काँग्रेसचे ते स्वागताध्यक्ष होते. त्यांचे राजकारण सर्वश्रुत आहे. परंतु एका मित्राच्या मृत्युपत्राचे ओझे त्यांनी कसे वाहिले, हे फारसे सांगितले जात नाही.

पुण्याचे सरदार बाबा महाराज पंडित 7 ऑगस्ट 1897 रोजी पटकीने वारले. मृत्युपत्र त्याच दिवशी झाले. राजद्रोहाच्या खटल्यात नुकतेच जामिनावर सुटलेले टिळक आणि खापर्डे यांची नावे विश्वस्तांत होती. पत्नी ताई महाराज गरोदर होत्या. मुलगा न झाल्यास वा तो न जगल्यास विश्वस्तांच्या विचाराने दत्तक घ्यावा, अशी तरतूद होती. 1898 मध्ये मुलगा झाला आणि दोन महिन्यांच्या आतच गेला.

1901 च्या जूनमध्ये टिळक व खापर्डे यांच्या उपस्थितीत औरंगाबादेस जगन्नाथ या मुलाचे दत्तविधान झाले. तो मुलूख तेव्हा निजामाचा होता; बुलढाणा जिल्ह्याची दक्षिण सीमा त्यालाच भिडलेली होती. पुढे ताई महाराजांनी हे दत्तविधान नाकारले, प्रोबेट रद्द करण्याचा अर्ज केला आणि ऑगस्टमध्ये कोल्हापूरच्या बाळा महाराजांस दत्तक घेतले. त्यांची बाजूही विसरता येत नाही. इस्टेट कर्जात होती, विश्वस्तांनी खर्चास आळा घातला होता आणि या अल्पवयीन विधवेस स्वतःच्या मांडीवर कोण बसावे हेही एकटीने ठरविता येत नव्हते.

1902 मध्ये पुण्याच्या जिल्हा न्यायाधीशांनी प्रोबेट रद्द केले. टिळकांवर खोट्या साक्षीचा खटला झाला, शिक्षा झाली; 1904 मध्ये उच्च न्यायालयाने ती रद्द केली. ताई महाराज 1903 मध्येच निवर्तल्या होत्या, तरी वाद संपला नाही. दिवाणी दाव्यात 1906 साली जगन्नाथचे दत्तविधान ग्राह्य ठरले. 1910 मध्ये उच्च न्यायालयाने तो निकाल फिरविला. टिळक तेव्हा मंडालेच्या तुरुंगात होते आणि खापर्डे त्यांच्यासाठी खटपट करण्यास 1908 पासून विलायतेत राहिले होते. कारस्थानाचा ठपका त्यांच्याही माथी आला.

26 मार्च 1915 रोजी प्रिव्ही कौन्सिलने दत्तविधान खरे ठरविले. साक्षीदारास खोटा ठरवायचे असेल, तर उलटतपासणीत त्याला खुलाशाची संधी दिली पाहिजे, हे या निकालातील तत्त्व आजही आपल्या न्यायालयांत आधारास घेतले जाते. खापर्डे 1938 साली वारले. चौदा वर्षांच्या या झगड्यातून त्यांना मिळाले ते निष्कलंक नाव, पैसा नव्हे.

बाबा महाराजांना मृत्युपत्रास पुरवणी जोडण्यास एक दिवसही मिळाला नाही. धडधाकट माणसाला तो मिळतो. 1925 च्या भारतीय उत्तराधिकार अधिनियमानुसार मृत्युपत्र हयातीत केव्हाही बदलता येते. पुरवणीस, म्हणजे क्रोडपत्रास, मृत्युपत्राचाच भाग मानतात. मात्र तिच्यावरही दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात. एकाच मृत्युपत्रातील दोन कलमांचा मेळच बसत नसेल, तर मागाहूनचे कलम टिकते. थोरल्याच्या नावे विहीर लिहून ठेवायची आणि पुढे धाकट्यासाठी साध्या चिठोऱ्यावर साक्षीदारांवाचून चार ओळी खरडायच्या, हा आपल्याकडचा घाटावरचा आणि घाटाखालचा शिरस्ता म्हणूनच घातक आहे. अशा ओळींचा अर्थ पुढे न्यायालयात लावावा लागतो आणि त्याची किंमत बहुधा जमिनीच्या उत्पन्नातून जाते. खापर्ड्यांसारखा विश्वस्त प्रत्येक घराला लाभत नाही. स्पष्ट शब्द आणि दोन सह्या मात्र कुणालाही परवडतात.