अण्णाभाऊ साठे : लेखणी मिळविलेला हात

लोकशाहीर अण्णाभाऊ साठे यांचा जन्म १ ऑगस्ट १९२० रोजी सध्याच्या सांगली जिल्ह्यातील वाटेगाव येथे मातंग समाजात झाला. जातिभेदामुळे त्यांची शाळा जेमतेम दीड दिवसांत सुटली. पुढे वडिलांसोबत पायी मुंबईस आलेल्या या मुलाने दुकानांच्या पाट्या व चित्रपटांची भित्तिपत्रके वाचीत अक्षरओळख करून घेतली. पिढ्यान्‌पिढ्या नाकारलेली लिपी अशा रीतीने त्यांच्या हाती आली.

त्यांनी गिरणीत काम केले, शाहिरीने कामगारांना जागविले. घाटकोपरच्या चिरागनगर झोपडपट्टीत राहून त्यांनी विपुल लेखन केले. सुमारे ३५ कादंबऱ्या, शिवाय कथा, लोकनाट्ये व पोवाडे त्यांच्या लेखणीतून उतरले. १९५९ साली प्रसिद्ध झालेली ‘फकिरा’ ही कादंबरी त्यांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या लेखणीस अर्पण केली. लेखणीचे मोल जाणणाऱ्यालाच असे अर्पण सुचते. १९६१ साली या कृतीस राज्य शासनाचा पुरस्कार लाभला. १८ जुलै १९६९ रोजी अण्णाभाऊंचे निधन झाले.

आज मोबाईलच्या पडद्यावर बोट टेकताच तयार अक्षर उमटते. काना, वेलांटी, वळण यांची हाताला सवय राहिलेली नाही. यंत्र अवश्य वापरावे. परंतु ज्यांच्या पूर्वजांच्या हाती पाटी येऊ दिली गेली नाही, त्यांच्या मुलांसाठी स्वहस्ते लिहिलेली ओळ हा झगडून मिळविलेला हक्क आहे. आपल्या वसतिगृहातील प्रत्येक विद्यार्थ्याने रोज एक पान स्वच्छ अक्षरांत लिहावे, हेच अण्णाभाऊंना खरे अभिवादन ठरेल.