देवळालीचे सर आणि सतरा अंकी आकडा

मोबाईलचा कॅल्क्युलेटर उघडा. १११ गुणिले १११ करा. १२३२१ आलं ना? आता ११११ गुणिले ११११. उत्तर १२३४३२१. असंच नऊ एकांपर्यंत जा. मोबाईलने हात टेकले तर कागद घ्या. उत्तर येतं १२३४५६७८९८७६५४३२१. सतरा अंक, पुढून वाचा नाहीतर मागून, आकडा तोच. आता त्याच्या अंकांची बेरीज करा. ती येते ८१, आणि याच ८१ ने त्या आख्ख्या आकड्याला पूर्ण भाग जातो!

अशा आकड्यांना 'डेम्लो संख्या' म्हणतात. डेम्लो म्हणजे आजची डोंबिवली. त्या स्टेशनवर ही कल्पना सुचली दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांना. स्वतःच्या अंकांच्या बेरजेने भाग जाणाऱ्या आकड्यांना 'हर्षद संख्या' हे नावही त्यांनीच दिलं.

बुलढाण्यात रेल्वे नाही, पण मलकापूर किंवा शेगावहून तुम्ही मुंबईची गाडी पकडलीच असेल. नाशिक रोड सोडलं की देवळाली लागतं. तिथे कापरेकर १९३० पासून १९६२ पर्यंत शाळेत शिकवत होते.

त्यांचा जन्म १९०५ चा, डहाणूचा. आई लहानपणीच गेली, वडील कारकून. पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात शिकले, १९२९ मध्ये बीएस्सी झाले. एमएस्सी नाही, पीएचडी तर दूरच. दिवसा वर्ग, उरलेल्या वेळात आकडेमोड. जे सापडलं ते स्वतःच पुस्तिका छापून लोकांपुढे ठेवायचे. अनेक गणितज्ञांना मात्र हा नुसता पोरखेळ वाटायचा.

१९४९ मध्ये त्यांनी ६१७४ ची जादू जाहीर केली. चार अंकी आकडा घ्या, सगळे अंक सारखे नकोत. अंक उतरत्या आणि चढत्या क्रमाने लावून मोठ्यातून लहान वजा करा. आलेल्या उत्तरावर पुन्हा तेच. जास्तीत जास्त सात वेळा केलं की ६१७४ येणारच. तुमचा जन्म २००४ चा असेल तर दोनच पायऱ्या लागतात: ४२०० - ००२४ = ४१७६, मग ७६४१ - १४६७ = ६१७४. २००५ चा असेल तर पूर्ण सात. सरांच्या १९०५ लाही सातच!

सरांनाही पोहोचायला वेळ लागला. निवृत्तीनंतर पेन्शन पुरेना, म्हणून शिकवण्या घ्याव्या लागल्या. मार्च १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी 'सायंटिफिक अमेरिकन' मासिकात त्यांच्यावर लिहिलं आणि जगाला हे नाव कळलं. तेव्हा सर सत्तर वर्षांचे होते. १९८६ मध्ये ते गेले. आज ६१७४ ला जगभर 'कापरेकर स्थिरांक' म्हणतात.

आपल्याकडे कॉलेज छोटं, लॅब नाही, गाईड नाही, असं आपण रोज म्हणतो. खोटंही नाही ते. पण कापरेकर सरांकडे वही होती, पेन्सिल होती आणि पोरखेळ म्हणणाऱ्यांपुढेही न सुटलेला नाद होता. पुढच्या वेळी गाडी देवळालीवरून जाईल, तेव्हा तिकिटावरचे कुठलेही चार अंक घ्या आणि वजाबाकी सुरू करा. डोंबिवली यायच्या आत ६१७४ नक्की येईल.