शब्दांचे धनी मोल्सवर्थ साहेब



इंग्रजीत मुंगुसाला मंगूस म्हणतात. हा शब्द इंग्रजांनी आपल्या मराठीतूनच नेला. इंग्रजीत गूस म्हणजे हंसासारखा पक्षी आणि एकापेक्षा जास्त असले की गीज. पण मंगूसचे मंगीज होत नाही, मंगूसेस होते. कारण त्याचा त्या पक्ष्याशी काहीच संबंध नाही! शब्द कोठून आला हे कळले म्हणजे अशी गंमत उलगडते. हेच काम मराठीसाठी ज्यांनी जन्मभर केले, त्या जेम्स थॉमस मोल्सवर्थ यांची माहिती मी देत आहे.

त्यांचा जन्म इ. स. १७९५ साली झाला. सोळा-सतरा वर्षांचे असताना ते कंपनी सरकारच्या पलटणीत भारतात आले. आपली मुलं त्या वयात अकरावी-बारावीत असतात. येथे त्यांनी मराठीचा अभ्यास करून परीक्षा दिली. पलटणीत असतानाच त्यांना शब्द जमवायचा नाद लागला. पुढे सरकारने त्यांना कोशाचे काम दिले. मराठी शास्त्रीमंडळी आणि टॉमस व जॉर्ज कँडी हे जुळे भाऊ त्यांच्या मदतीला होते. १८३१ साली मराठी-इंग्रजी कोश छापून निघाला. त्यात सुमारे ४०,००० शब्द होते.

दुसरा इंग्रजी-मराठी कोशही सुरू झाला, पण साहेबांची प्रकृती बिघडली. त्यांना इंग्लंडला जावे लागले. तो कोश टॉमस कँडींनी १८४७ साली पुरा केला. पण मोल्सवर्थ स्वस्थ बसले नाहीत. पन्नाशी उलटल्यावर ते बोटीने परत आले आणि १८५७ साली दुसरी आवृत्ती काढली. शब्द झाले सुमारे ६०,०००! लोक त्यांना मोलेसरशास्त्री म्हणत.

या कोशात शब्द मूळचा कोणत्या भाषेतला, याची खूण आहे. आपण पाठीला लावतो ते दप्तर फारसी, गुरुजींची खुर्ची अरबी. कोकणात चालणाऱ्या शब्दांनाही वेगळी खूण आहे. पोथीतला शब्द मोठा आणि शेतकऱ्याचा शब्द हलका, असा भेद साहेबांनी केला नाही. बायाबापड्यांच्या तोंडचे शब्दही त्यांनी मांडून ठेवले. पुढे ते इंग्लंडातच वारले, पण कोश राहिला. १९७५ साली पुण्यात तो पुन्हा छापला गेला. आता तो मोबाईलवरसुद्धा फुकट पाहता येतो.

मित्रांनो, आपल्या देवपूरला घरोघर अहिराणी बोलतात. मुलगा म्हणजे आंडोर, मुलगी म्हणजे आंडेर, सगळे म्हणजे बठ्ठा. पण वर्गात असा शब्द तोंडातून निघाला की आपण जीभ चावतो. काही घरांत तर आईवडीलच म्हणतात, असं बोलू नको, गावंढळ दिसतं. मला हे पटत नाही. परक्या मुलखातून आलेल्या माणसाने आपले शब्द वेचले आणि आपण घरचेच शब्द टाकून द्यायचे का? आजीबरोबर तिचे शब्द गेले, तर ते मग कोणाला विचारणार?

म्हणून मी एक वही केली आहे. रोज आजीला एक शब्द विचारतो आणि अर्थासकट लिहितो. आतापर्यंत ६३ झाले. पालकहो, तुम्हीपण जाताना तुमच्या घरचा एक शब्द सांगून जा. मी तो वहीत लिहून घेईन.